दिव्याला न आलेले पतंग



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शाळेच्या अंगणातला पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला स्वतः बघत. मे महिन्याच्या सुट्टीतही. पाऊस नसला की वहीत शून्य लिहीत, रकाना मोकळा सोडत नसत. इथे बसलेल्या पुष्कळांनी ती वही पाहिली आहे. आजच्या विषयाशी त्या शून्याचा संबंध आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

विषय तसा सोपा. रात्री दिवा लावायचा, त्याला येणारे पतंग जातवार मोजायचे आणि त्यावरून भोवतालच्या रानात काय आहे, किती आहे, याचा अदमास घ्यायचा. प्रकाश सापळा हा शब्द आपल्या शेतकऱ्याला नवा नाही. हुमणीच्या भुंगेऱ्यांसाठी वळवाच्या पावसानंतर तो लावतात, भातावरच्या खोडकिड्याचे पतंग किती आले ते बघायला लावतात. कामगंध सापळ्यात एकाच जातीचे नर येतात. प्रकाश सापळ्यात सगळा गाव येतो. हाच त्याचा गुण आणि हीच त्याची अडचण.

पतंग आणि फुलपाखरे मिळून जगात सुमारे एक लाख साठ हजार जातींना नावे मिळाली आहेत. त्यांत फुलपाखरे अठरा-एकोणीस हजार. बाकीचे सगळे पतंग. भारतातच पतंगांच्या दहा हजारांहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. महाराष्ट्राने २०१५ मध्ये नीलवंत हे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केले, पेपरात फोटो आले, छान झाले. पतंगांच्या वाट्याला मात्र बहुधा फवारणी आली. गुलाबी बोंडअळी, घाटे अळी, लष्करी अळी यांची नावे आपल्याला पाठ आहेत. भंडारा-गडचिरोलीकडचा टसर ज्याच्या कोषातून निघतो तो पतंग कसा दिसतो, हे विचारले तर सभागृहात किती हात वर होतील, मी विचारत नाही.

मुळात हे काम दिसते कसे? जूनअखेर किंवा जुलैत, अमावास्येच्या आसपास, आंबोलीसारख्या ठिकाणी. पाऊस थोडा थांबलेला, वारा पडलेला. दोन झाडांमध्ये दोरी बांधून पांढरी चादर सोडायची, खालचे टोक जमिनीवर पसरायचे, समोर मर्क्युरी व्हेपरचा दिवा. पहिल्या अर्ध्या तासात वाळवीचे पंखवाले किडे, तुडतुडे, भुंगेरे यांचीच झुंबड. शर्टाच्या कॉलरीत काहीतरी वळवळतेच. मग चपटे, पंख पसरून चादरीला चिकटून बसणारे पतंग येऊ लागतात; यांच्या अळ्यांनाही आपण उंटअळी म्हणतो. रात्र वाढली की हॉकमॉथ येतात. ते बसत नाहीत, आदळतात. चादरीवर टपटप, मग दिव्याच्या काचेवर, मग तुमच्या चष्म्यावर. एखादा खाली गवतात पडून राहिलेला असतो, आणि पुन्हा उडण्याआधी पंख उघडायच्या ऐवजी नुसते थरथरवत राहतो. ही थरथर म्हणजे भीती नव्हे. छातीचे स्नायू तापल्याशिवाय त्याला उडता येत नाही, म्हणून तो अंग तापवत असतो. बोट जवळ नेले तर हवा हललेली जाणवते. मध्यरात्र उलटल्यावर, बहुतेक लोक गाडीत जाऊन झोपल्यावर, मून मॉथ येतो. फिकट हिरवा, मागच्या पंखांना लांब शेपट्या. त्याला खाता येईल असे तोंडच नसते. अळी असताना जे पोटात गेले त्यावर आठवडाभराचे आयुष्य काढायचे, जोडीदार शोधायचा, संपले.

चादरीच्या खाली बेडूक बसलेले असतात, दिव्यामागच्या भिंतीवर पाली, कुठेतरी एक प्रार्थना कीटक. उजाडताना बुलबुल आणि कोतवाल येतात. सकाळी जमिनीवर नुसते पंख सापडतात, धड नाही. मोजणाऱ्याने त्या पंखांचे काय करायचे? नियम आधी ठरवलेला असावा लागतो. नाहीतर एक जण पंख मोजतो, दुसरा मोजत नाही, आणि दोघांच्या आकड्यांची तुलना करून तिसरा पीएच.डी. करतो.

चादर रात्रभर जागणाऱ्या माणसासाठी. सापळा झोपणाऱ्यासाठी. दिव्याखाली नरसाळे, नरसाळ्याखाली पेटी, पेटीत अंड्यांचे कागदी ट्रे. पतंग घसरून आत जातात आणि ट्रेच्या खळग्यांत जाऊन बसतात. सकाळी ट्रे एकेक करून उचलायचा, मोजायचे, फोटो घ्यायचा, आणि त्यांना दाट झुडपात सोडायचे, पाखरांच्या नजरेआड. ज्या सापळ्याने हे काम सोपे केले तो रॉबिन्सन सापळा १९५० च्या सुमाराचा आहे.

आता मूळ प्रश्न. पतंग दिव्याकडे येतात तरी का? आपल्या कवींनी याचे उत्तर फार पूर्वीच देऊन टाकले आहे, पण ते प्रेमाबद्दल आहे, पतंगाबद्दल नाही. शास्त्रज्ञ अनेक वर्षे चंद्राचे कारण सांगत: पतंग चंद्राशी ठरावीक कोन राखून सरळ उडतो, दिव्याला चंद्र समजला की तोच कोन राखता राखता गोल फिरत आत येतो. पटण्यासारखे होते. जानेवारी २०२४ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे सॅम्युएल फेबियन, फ्लोरिडात काम करणारे यश सोंधी आणि त्यांचे सहकारी यांनी वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेली उड्डाणे तपासून वेगळेच दाखवले. उडणारा कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतो. लाखो वर्षे रात्री वरची बाजू खालच्यापेक्षा उजळ असे, त्यामुळे उजेडाकडे पाठ म्हणजे आभाळाकडे पाठ. कडेला दिवा आला की कीटक त्याच्याकडे पाठ फिरवायला कलतो, कलला की वळतो, आणि त्या वळणात अडकतो. दिवा खाली जमिनीवर ठेवला तर काही जण अक्षरशः उलटे होऊन कोसळतात. म्हणजे तो आकर्षिला जात नाही. त्याचे वर-खाली हरवते. या अभ्यासात कण्हेरीवर वाढणारा हॉकमॉथ, जो आपल्याकडे बागेतही दिसतो, दिव्याला तसा फसला नाही, हेही नोंदवलेले आहे.

हे ऐकायला गंमतीचे, पण मोजणीसाठी त्याचे परिणाम गंभीर आहेत. दिवा दूरच्या पतंगाला हाक मारत नाही. जो जाता जाता जवळून गेला, त्यालाच पकडतो. चिन्हे लावून सोडलेल्या पतंगांवरच्या प्रयोगांतही हेच दिसले की सामान्य सापळ्याची पोच काही मीटर ते वीस-तीस मीटर एवढीच असते. त्यामुळे तुमच्या सापळ्यात जे पडले ते त्या जंगलाचे प्रतिनिधी नव्हेत. त्या रात्री त्या जागेजवळून उडालेल्या, त्या दिव्याला फसणाऱ्या जातींचे प्रतिनिधी. नर अधिक, माद्या कमी. काही जाती मुळीच येत नाहीत. दिवसा उडणारे पतंग तर हिशेबातच नाहीत. त्यात पुन्हा मर्क्युरीच्या दिव्यात जंबुपार किरण भरपूर असतात म्हणून कीटक जास्त येतात. तोच सापळा पिवळ्या दिव्यावर चालवला तर वेगळेच रान दिसेल.

मग ही पद्धत फेकून द्यावी का? याचे उत्तर इंग्लंडमधल्या एका शेतावर मिळाले, आणि ती हकीकत जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशरमध्ये रोथॅमस्टेड नावाचे कृषी संशोधन केंद्र आहे, १८४३ पासून. तिथे सी. बी. विल्यम्स नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्याआधी त्यांनी इजिप्तच्या कृषी खात्यात काम केलेले. १९३३ मध्ये त्यांनी एका शेताच्या कडेला प्रकाश सापळा लावला आणि रोज रात्री चालवला. रोज. पाऊस, थंडी, नाताळ काही न बघता. एखाद्या रात्री शेकडो पतंग, दुसऱ्या रात्री दोन, तिसऱ्या रात्री एकही नाही. विल्यम्सना लगेच कळले की या आकड्यांची साधी सरासरी काढण्यात अर्थ नाही. एकाच उबदार, ढगाळ रात्रीने महिन्याची सरासरी गिळून टाकलेली असते. त्यांनी प्रत्येक रात्रीच्या आकड्याचा लॉगॅरिदम घेऊन हिशेब करायला सुरुवात केली. पुढे कीटकांच्या आकड्यांवर काम करणाऱ्यांत ही रीतच पडली. चांदण्यात सापळ्यात कमी पतंग येतात, हेही त्यांनी आकडेवारीने दाखवले. कारण अजून वादात आहे: चांदण्यात पतंग कमी उडतात, की उडतात तेवढेच पण उजळ आभाळापुढे दिव्याचा जोर कमी पडतो? आमच्यासाठी सल्ला मात्र पक्का, पौर्णिमेच्या आणि अमावास्येच्या रात्रींची तुलना करू नये.

चार वर्षांत त्यांच्याकडे मोठ्या पतंगांचे १५,६०९ नमुने जमले, २४० जातींचे. एकाच जातीचे २,३४९ पतंग आले होते. आणि पस्तीस जाती अशा की चार वर्षांत प्रत्येकीचा एकेकच पतंग सापडला. ही पस्तीस नावे लक्षात ठेवा. अडाणी माणूस त्यांना चुकून आलेले पाहुणे म्हणेल.

त्याच सुमाराला ॲलेक्झांडर कॉर्बेट हे मलायातून फुलपाखरांचा मोठा संग्रह करून परतले होते. त्यांच्याकडे ६२० जाती होत्या. त्यांतल्या ११८ जातींचा फक्त एकेक नमुना, ७४ जातींचे दोन-दोन, ४४ जातींचे तीन-तीन. त्यांचा प्रश्न विलक्षण साधा होता. आणखी तेवढाच काळ गोळा केले तर किती नव्या जाती मिळतील? हा प्रश्न गेला रोनाल्ड फिशर यांच्याकडे. फिशर म्हणजे आधुनिक संख्याशास्त्राचे एक जनक, आपल्या प्रशांतचंद्र महालनोबिसांचे स्नेही. युद्धकाळात त्यांची प्रयोगशाळा लंडनहून रोथॅमस्टेडलाच हलवलेली होती. १९४३ मध्ये फिशर, कॉर्बेट आणि विल्यम्स या तिघांचा निबंध आला आणि न पाहिलेल्या जातींचा हिशेब, पाहिलेल्या एकुलत्या एक नमुन्यांवरून करण्याची रीत पडली. एकेकदा दिसलेल्या जाती जितक्या जास्त, तितक्या अजून न दिसलेल्या जास्त. म्हणून ते पस्तीस पाहुणे नव्हेत. दिव्याला न आलेल्यांची बातमी तेच आणतात.

फिशरनी यातून एक संख्या काढली, तिला आज फिशरचा अल्फा म्हणतात. विल्यम्सच्या सापळ्यासाठी ती सुमारे ४० आली. तिचा व्यवहारी अर्थ असा की नमुन्यांची संख्या दुप्पट केली की साधारण अठ्ठावीस नव्या जाती मिळतात. मग तुम्ही हजारावरून दोन हजारावर जा किंवा पंधरा हजारांवरून तीस हजारांवर. त्यामुळे कमी पतंग मिळालेले ठिकाण आणि जास्त मिळालेले ठिकाण यांची विविधता एकाच मापाने मोजता येऊ लागली. नुसत्या जाती मोजून ते होत नाही. जो जास्त रात्री बसेल त्याची यादी लांब होणारच.

थोडे विषयांतर करतो. हाच हिशेब पुढे १९७६ मध्ये ब्रॅडली एफ्रन आणि रोनाल्ड थिस्टेड यांनी शेक्सपियरला लावला. त्याच्या साऱ्या लेखनात ३१,५३४ वेगवेगळे शब्द आहेत, आणि त्यांतले १४,३७६ फक्त एकदाच आलेले आहेत. त्यावरून त्यांनी अंदाज केला की त्याला माहीत असलेले पण न वापरलेले शब्द निदान पस्तीस हजार असावेत. ज्ञानेश्वरीवर असा प्रयोग कोणी मराठीच्या विद्यार्थ्याने करून पाहायला हरकत नाही. असो.

विल्यम्सनंतर रॉय टेलर आले आणि १९६० च्या दशकात रोथॅमस्टेडवरूनच ब्रिटनभर सापळ्यांचे जाळे उभे राहिले. १९६८ पासून त्याची सलग नोंद आहे. त्यासाठी त्यांनी दिवा कोणता निवडला? दोनशे वॉटचा साधा तारेचा बल्ब. मर्क्युरीचा दिवा असताना हा मिणमिणता बल्ब कशाला, असे वाटेल. कारण दोन. एक, पतंग कमी येतात, त्यामुळे शाळामास्तर, माळी, निवृत्त पोस्टमन, कोणीही सकाळी चहाआधी तो सापळा उरकू शकतो. आणि या सापळ्यात रोजच्या रोज मारले जाणारे पतंगही थोडे राहतात. दुसरे, साऱ्या देशात एकच दिवा, एकच पेटी, एकच उंची. जास्त पकडण्याचा हव्यास त्यांनी सोडला आणि म्हणून त्यांच्याकडे पन्नास वर्षे टिकणारी गोष्ट आली. माझ्या मते या सबंध कहाणीतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हा कमजोर बल्बचा आहे.

त्या जाळ्यातून काय कळले? २००६ मध्ये केल्व्हिन कॉनरॅड आणि सहकाऱ्यांनी ३३७ सामान्य जातींची पस्तीस वर्षांची आकडेवारी तपासली. सामान्य, म्हणजे दुर्मीळ म्हणून कोणी लक्ष दिले नसते अशा. त्यांतल्या दोन-तृतीयांश जाती घटल्या होत्या. २०२१ च्या अहवालात ब्रिटनमधल्या मोठ्या पतंगांची एकूण संख्या पन्नास वर्षांत ३३ टक्क्यांनी घटल्याचे आले. गार्डन टायगर नावाचा, तपकिरी-पांढऱ्या नक्षीचा, लाल पोटाचा पतंग घरोघरच्या मुलांना माहीत असायचा. त्याच्या केसाळ अळ्या रस्त्याने चालताना दिसायच्या. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर तो झपाट्याने कमी झाला, आणि सौम्य, ओल्या हिवाळ्यांनंतर त्याची संख्या खाली जाते असे दिसले. हे कोणाच्या आठवणीवर ठरले नाही. वहीवर ठरले.

आपल्याकडे काय आहे? नावांच्या बाबतीत आपण गरीब नाही. जॉर्ज हॅम्पसन हा निलगिरीतला चहामळेवाला; त्याने १८९२ ते १८९६ मध्ये भारतातल्या पतंगांवर चार खंड लिहिले. कारवारला, म्हणजे त्या वेळच्या मुंबई इलाख्यात, जंगल खात्यात असलेले टी. आर. बेल यांनी एफ. बी. स्कॉट यांच्यासह हॉकमॉथांवर लिहिलेला खंड १९३७ मध्ये आला. अळ्या स्वतः पाळून लिहिलेला, आजही उपयोगी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासूनची. गेल्या दहा-बारा वर्षांत तर मोबाइलने क्रांतीच केली. जुलैच्या अखेरीस पतंग सप्ताह होतो, कोकणापासून मेळघाटपर्यंत चादरी टांगल्या जातात, फोटो चढवले जातात, नव्या जातींची वर्णनेही होतात. या मंडळींबद्दल मला आदर आहे.

पण मी एक कटू गोष्ट बोलणार आहे. आपल्याकडे याद्या आहेत, मोजण्या नाहीत. अमुक अभयारण्यात पतंगांच्या तीनशे जाती, ही बातमी होते. त्या तीनशेंपैकी दहा वर्षांपूर्वी विपुल असलेली कोणती जात आता क्वचित दिसते, याचे उत्तर कोणाकडे नाही, कारण विपुल जातीचा फोटो कोणी दुसऱ्यांदा काढत नाही. दिवा दर वेळी वेगळा, जागा वेगळी, चार तास बसलो की रात्रभर याची नोंद नाही. आणि ज्या रात्री काहीच आले नाही ती रात्र यादीत नसतेच.

त्यात उरफाटी गोष्ट ही की वर्षानुवर्षे एकाच जागी चालणारे प्रकाश सापळे आपल्या देशात आहेत! अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्पाच्या केंद्रांवर ते लावले जातात आणि खोडकिडा, पाने गुंडाळणारी अळी, तुडतुडे यांची मोजणी होते. ज्या किडीसाठी सापळा, तिचा रकाना भरतो. तिच्याबरोबर पेटीत पडलेल्या शेकडो निरुपद्रवी पतंगांना त्या तक्त्यात जागा नाही. दोष कोणाचा नाही. काम किडीचे आहे. पण दिवा, जागा, वीज, माणूस, शिस्त सगळे आधीच हजर असताना एक जादा रकाना वाढवायला कितीसा खर्च येतो?

घाई एवढ्यासाठी की रस्त्यावरचा दिवाच आता बदलतो आहे. २०१५ पासून देशभर सोडियमचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी येऊ लागले. डग्लस बॉइज या तरुण संशोधकाने दक्षिण इंग्लंडमधल्या रस्त्यांच्या कडेला अळ्या मोजल्या आणि २०२१ मध्ये आकडे प्रसिद्ध केले: दिव्याखालच्या झुडपांत ४७ टक्के कमी, गवताच्या पट्ट्यात ३३ टक्के कमी, आणि पांढऱ्या एलईडीखाली परिणाम सोडियमपेक्षा वाईट. पतंग घटले की अळ्या घटतात, आणि पिल्लांना अळ्या भरवणाऱ्या पाखरांच्या चोचीत काय जायचे ते घटते. आपल्या घाटरस्त्यांवर हे कितपत लागू आहे, हे सांगण्यासाठी दिवे बदलण्याआधीची मोजणी हवी. ती आपल्याकडे नाही. अजून जिथे दिवे बदललेले नाहीत अशा गावांपुरती ती अजून करता येईल.

म्हणून इथे बसलेल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. मोठा प्रकल्प, मोठे अनुदान यांची वाट बघू नका. गच्चीची एक जागा कायमची ठरवा. एकाच प्रकारचा एक कमजोर दिवा घ्या, आणि पुढच्या दहा वर्षांसाठी त्याचे बल्ब आजच विकत घेऊन कपाटात ठेवा, कारण कंपनी तो बनवायचे बंद करील. दर महिन्यात अमावास्येच्या आगेमागे सलग तीन रात्री, संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत. तापमान, पाऊस, ढग लिहा. शंभर जाती ओळखता येत नसतील तर वीस ओळखा, पण तेच वीस दर वेळी. ज्याला ओळखता येत नाही त्याला क्रमांक द्या, अंदाजाने नाव देऊ नका. विद्यार्थी बदलतील, तुम्ही निवृत्त व्हाल, वही कॉलेजची राहू द्या. आणि दिवा लावला, रात्रभर जळला, सकाळी पेटी रिकामी निघाली, तर त्या तारखेसमोर शून्य लिहा.